सायकलकट्टा: बाप-लेक एकाच गाऱ्यात

मागच्या अंकात आपण सायक्लोक्रॉसची ओळख करून दिली होती, म्हणजे वावरातून, गाऱ्यातून, वाळूतून सायकल हाणायची आणि जिथं चालतच नाही तिथं खांद्यावर टाकून पळायचं ती रेस. प्रश्न येतील वाटलं होतंच, पण आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीचे निघाले, पोराला (किंवा पोरीला) घेऊन उतरू का. म्हणून यावेळचा कट्टा आईबाप आणि लेकरांचाच. डॉक्टरकी मी करत नाही, बाकी विचारा.

प्रश्न: माझं वय ४२, मुलगा १३ वर्षांचा. दिवाळीनंतर आमचा ग्रुप गावाबाहेरच्या पडीक वावरात अशी रेस ठेवतोय, लहानमोठे सगळे एकाच बॅचमध्ये. पोरगं म्हणतं आप्पा दोघं उतरू. मला वाटतं त्याला झेपायचं नाही, मागे पडला तर हिरमुसेल. त्याच्याकडे साधी एमटीबी (माउंटन बाइक) आहे, माझ्याकडे हायब्रिड. उतरवू का? (एक वाचक, अमळनेर)

उतरवा. आणि झेपायचं नाही हे कोणाबद्दल म्हणताय ते रेस झाल्यावर एकदा कळवा, कारण १३ वर्षांचं पोरगं पायऱ्यांवरून सायकल घेऊन कसं पळतं आणि ४२ वर्षांचा बाप कसा पळतो हे मी पाहिलेलं आहे.

पोरासोबत रेस करायची तर याच्याइतका सोयीचा प्रकार दुसरा नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण रेसच्या रचनेतच आहे. रोडवरच्या राइडला काय होतं बघा, जळगावहून सगळे सोबत निघाले, एरंडोलपर्यंत गप्पा मारत गेले, पारोळ्याच्या अलीकडे पोरगं सुटलं मागे, आता ते हायवेवर एकटं, बाजूनं ट्रक चाललेत, आणि तुमचं चित्त ना पुढं ना मागं. इथं तसं होतच नाही. ट्रॅक म्हणजे अडीच ते साडेतीन किलोमीटरचा गोल (गावातल्या रेसला दीडचाही चालतो), दोन्ही बाजूंनी टेप लावलेली आणि वळणं इतकी की तुम्ही एका बाजूनं जाताना टेपपलीकडून पोरगं येताना दिसतं. दुसरं म्हणजे इथं अंतर ठरलेलं नसतं, वेळ ठरलेली असते. वर्ल्ड कपच्या लेव्हलला पुरुषांची रेस साधारण एक तास, बायकांची ५० मिनिटं आणि १७-१८ वयाच्या ज्युनिअर पोरांची ४० मिनिटं चालते. पहिला आलेला संपला की गावच्या रेसमध्ये बाकीचे आपापला चालू लॅप पुरा करून थांबतात. म्हणजे पहिल्याचे सहा लॅप होतील, तुमचे पाच, पोराचे चार, पण शेवटची लाइन तिघंही पाचसात मिनिटांच्या अंतरानं ओलांडतात आणि पोरगं सगळ्यात शेवटी एकटं येतंय, मांडव काढून झालाय, असा प्रकार घडत नाही. लहान पोराला मागे पडल्याचं दुःख नसतं हो, सगळे निघून गेल्याचं असतं.

हिरमुसण्याचं म्हणाल तर पहिल्या लॅपनंतर कोण कितवा आहे हे ट्रॅकवरच्या कोणालाच नीट कळत नाही, शेजारून जाणारा तुमच्या पुढे आहे की एक लॅप मागे आहे हे टाइम घेणाऱ्यालाच माहीत. त्यामुळे ज्याच्या त्याच्या नजरेत तो कोणाच्या तरी पुढेच असतो.

एकच अट घाला ग्रुपला. स्टार्ट एकत्र नको. सायक्लोक्रॉसमध्ये शिट्टी वाजली की सगळे पहिल्या वळणाकडे जीव खाऊन सुटतात, कारण पुढं ट्रॅक अरुंद होतो आणि मागे राहिलेल्याला ओव्हरटेक करायला जागा मिळत नाही (यूसीआय म्हणजे सायकलिंगची जागतिक संघटना, तिच्या नियमात ट्रॅक कमीत कमी ३ मीटर रुंद लागतो, गावात तेवढाही नसतो कधी). त्या घोळक्यात ८० किलोची माणसं आणि ३५ किलोचं पोरगं एकत्र नको. मोठ्यांना सोडा, एक मिनिट थांबा, मग पोरांना सोडा. सायकली दोन्ही चालतील, स्टँड, कॅरिअर आणि बाटलीचा पिंजरा काढून टाका म्हणजे झालं, आणि हेल्मेट नसेल तर उतरू नका, यावर चर्चा नाही.

प्रश्न: आमच्याकडे मिस्टर आणि मुलगी (वय ११) दोघं उतरतात. मिस्टर मुद्दाम मुलीच्या मागे राहतात, म्हणतात तिला सोबत होते, आणि पूर्ण वेळ मागून ओरडतात, गिअर कमी कर, डावीकडून घे, ब्रेक नको मारू. मुलगी घरी येऊन माझ्याजवळ रडते पण त्यांना सांगत नाही. काय करावं? (एक आई, पाचोरा)

ताई, हा अंक त्यांच्यासमोर उघडा ठेवा आणि चहाला जा.

भाऊसाहेब, तुम्ही मागे राहिलात याला सोबत म्हणत नाहीत. तिला पाठीवर सतत कोणीतरी आहे असं वाटतंय, आणि ट्रॅकवर पाठीवर असलेला माणूस म्हणजे ओव्हरटेक करणारा, म्हणजे ती पूर्ण अर्धा तास घाबरलेली चालवते. ओरडून सांगितलेलं रेसमध्ये ऐकूही येत नाही, नुसता आवाज पोचतो, आणि आवाजावरून तिला एवढंच कळतं की पप्पा चिडलेत. तुम्ही "डावीकडून" म्हणेपर्यंत ते वळण मागे गेलेलं असतं. आणि मागून ओरडणाऱ्याच्या स्वतःच्या रेसचं काय, तुम्ही बिब (छातीवरचा नंबर) लावून उतरलाय ना, मग दमेपर्यंत चालवा की. बाप घामाघूम होऊन, पाय लटपटत, चिखलानं माखून येतोय हे पोरीला दिसलं पाहिजे, तिला तेच बघायचं असतं. एरवी घरात तुम्ही तिला कधी दमलेले दिसता? ऑफिसातून आल्यावर, वैतागलेले. हे वेगळं दमणं आहे.

सांगायचं असेल ते रेसच्या आदल्या दिवशी ट्रॅक पायी फिरताना सांगा. खरंच पायी फिरा, सायकली ठेवून. कुठं उतरायचं, कुठल्या वळणाला बाहेरची बाजू कोरडी आहे, चढ कुठून पळायचा, हे तिलाच विचारा आणि ती म्हणेल ते करू द्या, चुकली तर पहिल्या लॅपला तिचं तिला कळेल. रेस चालू असताना समोरासमोर आलात तर नाव घेऊन "चल चल चल" एवढंच. आणि संपल्यावर पहिली दहा मिनिटं टेक्निकचा एक शब्द नको, पाणी द्या, टॉवेल द्या.

आणखी एक, ती पडली तर? थांबा, बघा, उठली की निघा. रेस गेली खड्ड्यात, ते मी सांगायला नको. पण दर वेळी चेन पडली म्हणून थांबू नका. चेन बसवायला घरी शिकवा, ११ वर्षांच्या पोरीला सहज जमतं, हात काळे होतात तेवढं सोडलं तर.

प्रश्न: लाकडी फळ्या लावतात त्यावरून सायकल घेऊन उडी मारायची असते का? पोरगा मोबाइलवर व्हिडिओ बघून अंगणात प्रयोग करतोय, दोन वेळा तोंडावर पडला. (चाळीसगाव)

व्हिडिओत उड्या मारतात ते जगातले निवडक लोक आहेत, तेही कधीकधी आपटतात. नियमानं फळी ४० सेंटिमीटरपर्यंत उंच असते, दोन फळ्या चार मीटर अंतरावर. बाकी दुनिया उतरून पळत ओलांडते आणि खरं कौशल्य त्या उतरण्या-चढण्यातच आहे. दोघांनी मिळून शिकण्यासारखी ही गोष्ट आहे, कारण यात बापाला पोरापेक्षा जास्त वेळ लागतो आणि घरात हसणं होतं.

अंगणात फळी नका ठेवू. दोन विटा घ्या, वर ठिबकच्या नळीचा तुकडा किंवा हलका पीव्हीसी पाइप नुसता टेकवा, बांधू नका, पाय लागला की पडला पाहिजे. एका विटेची उंची पोराला सुरुवातीला पुष्कळ झाली. आता उतरायचं असं: नळीच्या पाचसहा मीटर आधी वेग थोडा कमी, उजवा पाय पॅडलवरून काढून सीटच्या मागून फिरवून डावीकडे आणायचा, म्हणजे क्षणभर सगळं वजन डाव्या पॅडलवर आणि सायकल अजून चालतीच आहे. डावा हात हँडलवर, उजवा हात मधल्या आडव्या दांड्यावर. मग उजवा पाय पुढं जमिनीवर आणि पळायला लागायचं, थांबायचं नाही. बहुतेक जण इथंच थांबतात, उतरतात, उभे राहतात, मग उचलतात, सगळा वेग गेला. दोन पावलं पळत सायकल उजव्या हातानं उचलायची, नळी ओलांडायची, खाली ठेवायची आपटायची नाही, आणि परत चढताना टुणकन सीटवर उडी न मारता उजव्या मांडीच्या आतल्या बाजूनं सीटवर घसरत बसायचं. उडी मारून बसणाऱ्या बापांना दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसता येत नाही, जास्त सांगत नाही.

पोराची एमटीबी चौदापंधरा किलोची असेल तर खांद्यावर घ्यायला लावू नका, त्याच्या वजनाच्या मानानं ते फार होतं. चढावर हँडल धरून शेजारून ढकलत पळू द्या, नियमात दोन्ही चालतं.

प्रश्न: धुळ्याकडे लळिंगच्या बाजूला प्रॅक्टिसला जातो. दर वेळी दोघांपैकी एकाचं पंक्चर ठरलेलं. बाभळीचे काटे आणि सराटे. उपाय सांगा, आणि हवा किती ठेवायची तेही. (धुळे)

सराटा पावसाळ्यात हिरवा असतो तेव्हा फार त्रास देत नाही, वाळला की त्याचे काटे टणक होतात आणि नेमका तोच आपला सीझन, दिवाळीनंतरचा. ट्यूबलेस रिम असेल तर सीलंट टाका, सराट्याची भोकं ते आपोआप भरतं. बाभळीचा लांब काटा शिरला आणि हवा जात नसेल तर वाटेत उपटू नका, घरी येऊन उपटा आणि चाक फिरवून ते भोक खाली ठेवा म्हणजे सीलंट तिथं जमा होतं. साध्या ट्यूबवाल्यांनी ट्यूबमध्ये टाकायचं सीलंट वापरावं, नाहीतर जुनी ट्यूब उभी चिरून टायरच्या आत अस्तर म्हणून बसवावी, वजन वाढतं पण पोराची प्रॅक्टिस बुडत नाही.

हवेचं मात्र बरेच जण उलटं करतात. पंक्चरवाल्याकडे नेतात, तो अंगठ्यानं दाबून दाबून दगडासारखी टणक भरून देतो, आणि मग मुरमावर सायकल उसळते, वळणात घसरते. मातीत टायर जमिनीला पसरून धरला पाहिजे. ७५ किलोच्या माणसाला ३५ मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआयपासून सुरुवात करता येईल, ट्यूबलेस असेल तर २५-३० पर्यंत उतरा. ३५ किलोच्या पोराच्या जाड एमटीबी टायरला २० ते २५ पुष्कळ. बाप आणि लेक एकाच पंपानं एकाच आकड्याला हवा भरतात हे मी सगळीकडे बघतो, वजन निम्मं असताना हवा सारखी कशी चालेल? फार कमी केली आणि दगडावर रिम टेकून ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडल्या तर समजा थोडी वाढवायची आहे. यूसीआयच्या रेसमध्ये टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, पण तुमच्या-माझ्या रेसला कोणी कॅलिपर घेऊन येत नाही.

प्रश्न: मुलगी १४ ची, मी ४५ चा. मागच्या महिन्यात पहिल्यांदा तिनं मला मागे टाकलं. आता ग्रुपमध्ये रोज "पोरनी बापले मांगे टाकं" चालू आहे. हसण्यावारी नेतो पण खरं सांगू, लागतं. (भुसावळ)

लागणारच भो. पुढच्या रेसला तिच्या मागच्या चाकाला चिकटून चालवा आणि बघा कुठं कुठं ती तुमच्यापेक्षा चांगली लाइन घेते (म्हणजे ट्रॅकवर चाक नेमकं कुठून नेते), फुकट कोचिंग आहे. मुद्दाम ती जिंकावी म्हणून हळू झाला नव्हता ना? नसाल तर झालं. तसं केलं असेल तर परत करू नका, पोरींना लगेच कळतं आणि तो राग बरेच दिवस राहतो.

प्रश्न: आमचं वावर यावल तालुक्यात, केळीचं. शेजारची दोन एकर रिकामी आहे तिथं ट्रॅक करावा म्हणतो, पण काळी माती. पाऊस झाला की चाकच फिरत नाही. बेल्जियममध्ये तर लोक चिखलातच चालवतात, मग आपल्याला का जमत नाही?

कारण त्यांचा चिखल वेगळा आणि आपला गारा वेगळा. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगा पडतात, हे शेतकऱ्याला मी काय सांगावं. ओली असताना ती टायरला थरावर थर चढत जाते, ब्रेकच्या फटीत, चेनस्टेजवळ (मागच्या चाकाशेजारच्या फ्रेमच्या दांड्या) भरते आणि चाक जाम. व्ही-ब्रेकवाल्या (रिमला दाबणारे ब्रेक) सायकलीचं तर दोनशे मीटरमध्ये थांबतं. डिस्क ब्रेकला जरा बरं, यूसीआयनं सायक्लोक्रॉसमध्ये डिस्क २०१० मध्ये चालू केले. पण फ्रेममध्ये जागा नसेल तर डिस्कही वाचवत नाही. मोठे रायडर काय करतात, त्यांच्याकडे दोन-तीन सायकली असतात, पिटमध्ये (ट्रॅकशेजारची सायकल बदलायची ठरलेली जागा) एक टाकतात, दुसरी धुतलेली घेतात, मेकॅनिक प्रेशरनं पहिली धुवून ठेवतो आणि कधीकधी दर अर्ध्या लॅपला हे चालतं. तुमच्याकडे मेकॅनिक म्हणजे घरचीच माणसं, त्यामुळे पावसानंतर चारपाच दिवस तरी थांबा.

त्यापेक्षा मिश्र ट्रॅक करा. काळ्या रानाचा कोरडा तुकडा, बांधाची चढउतर, मुरमाडाचा एक पट्टा आणि जमलं तर वाळू. वाळूसारखी मजा नाही. बेल्जियममध्ये कोक्सेडे म्हणून समुद्रकाठचं गाव आहे, तिथला ट्रॅक वाळूच्या टेकड्यांवरून जातो, १९९४ आणि २०१२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप तिथंच झाली. आपल्याकडे गिरणेचं कोरडं पात्र आहे की. वाळूत नियम एकच, शिरायच्या आधी वेग घ्या, हलक्या गिअरवर पाय थांबवू नका, हँडल सैल धरा, समोरच्याच्या चाकोरीत राहा, आणि अडकलात तर दोन सेकंदाच्या आत उतरून पळा. पोरं वजनानं हलकी म्हणून वाळूत ती बापांपेक्षा लांब जातात, लिहून घ्या.

आणि केळीच्या बागेतून ट्रॅक नेऊ नका, ठिबकच्या नळ्या फुटल्या की घरात सायक्लोक्रॉसचं नाव काढता येणार नाही.

प्रश्न: आम्ही मूळचे चोपड्याचे, कामानिमित्त नेदरलँड्समध्ये आहोत. मुलगा इथल्या क्लबमध्ये सायक्लोक्रॉस करतो आणि ह्यांनाही आता उतरायचंय. एकाच दिवशी दोघांची रेस असते पण वेगळ्या वेळी. मुलाचं वय १६, क्लब म्हणतो पुढच्या सीझनला तो ज्युनिअर, ते कसं? आणि बापानं उतरावं का? (आइंडहोव्हन)

वयाचं असं आहे, हा सीझन शरद ऋतूत सुरू होऊन नवीन वर्षाच्या सुरुवातीला संपतो, म्हणून कॅटेगरी धरताना सीझन ज्या वर्षी संपतो त्या वर्षीचं वय धरतात. २०१० साली जन्मलेलं पोरगं २०२६-२७ च्या सीझनमध्ये पूर्ण वेळ १७ चं, म्हणजे ज्युनिअर, मग ऑक्टोबरात त्याचा खरा वाढदिवस झालेला असो की नसो. मिस्टर ३५ च्या पुढचे असतील तर मास्टर्समध्ये. म्हणजे दोघं एकमेकांशी लढतच नाहीत, ट्रॅक एक, चिखल एक, कॅटेगरी वेगळी. हे उत्तम. सकाळी एकानं रेस केली की त्याला ताजी खबर असते, कुठली लाइन खराब झाली, कुठं घसरतं, आणि ती दुसऱ्याला द्यायची. दुसऱ्याच्या रेसला पहिला पिटमध्ये उभा. पिटचा नियम तेवढा पाठ करा, सायकल बदलायची तर फक्त पिटमध्येच, आणि पिट ओलांडून पुढं गेल्यावर पंक्चर झालं तर मागे फिरायचं नाही, पुढच्या पिटपर्यंत पळत जायचं. बापानं प्रेमापोटी ट्रॅकवर मधेच आपली सायकल दिली तर पोरगं बाद.

तुम्ही तर बेल्जियमशेजारी, या खेळाच्या माहेरघराशेजारी राहता. तिथं बाप-लेकाची परंपराच आहे. नेदरलँड्सचा आद्री व्हान डर पूल १९९६ ला सायक्लोक्रॉसचा वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा त्याचा मॅथ्यू एक वर्षाचा होता, त्याच मॅथ्यूनं २०१५ ते २०२५ मध्ये सात वेळा तोच किताब मिळवला. आईकडून आजोबा रेमंड पुलिदोर, टूर द फ्रान्समध्ये आठ वेळा पहिल्या तिनात येऊनही पिवळी जर्सी (सगळ्यात पुढे असणाऱ्याची) एकदाही न घालायला मिळालेला. बेल्जियमचा स्वेन नायस २००५ आणि २०१३ चा वर्ल्ड चॅम्पियन, त्याचा पोरगा थिबाउ २०२० ला ज्युनिअर चॅम्पियन आणि २०२४ ला युरोपियन चॅम्पियन, आणि बाप त्याच्या टीमचा मॅनेजर. पण त्या घरांमध्येही मोठ्या रेसला बापानं पोराशी स्पर्धा केलेली नाही, वयाचं गणितच बसत नव्हतं. तुमच्या ह्यांना निदान एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर उतरायची मजा मिळतेय तर मिळू द्या. आणि मुलगी असती तरी हेच लिहिलं असतं, तुमच्याच देशाची मारियन वॉस आठ वेळा वर्ल्ड चॅम्पियन आहे, आणि बायकांची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरूच झाली २००० साली.

प्रश्न: नवरा ४७, पोट सुटलेलं, बीपीची गोळी चालू. मुलाच्या हट्टानं फॉर्म भरलाय. घाबरू का? (जळगाव)

घाबरू नका, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. ही रेस दिसते छोटी, पण पहिल्या मिनिटापासून ठोके वर जातात ते शेवटपर्यंत खाली येत नाहीत, मॉर्निंग वॉकसारखं यात काही नाही. डॉक्टर टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) करायला सांगतील तर करा. ते हो म्हणाले तर पहिल्या रेसला मागून सुरू करा, चढ सगळे चालत, आणि छातीत, हातात, जबड्यात कुठंही दुखलं की तिथंच ट्रॅकबाहेर. मुलालाही हे आधीच सांगून ठेवा म्हणजे बाप थांबला तर तो चिडणार नाही. नाही म्हणाले तर पिटमध्ये माणूस लागतोच, तिथं पाण्याचा पाइप घेऊन उभे करा.

प्रश्न: रेसच्या दिवशी दोघांनी काय खावं? (शहादा)

आदल्या रात्री शेवभाजी नको एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. सकाळी दीड-दोन तास आधी केळी, पोहे, भाकरी-दूध, जे रोज पचतं ते. अर्ध्या-पाऊण तासाच्या रेसमध्ये मधे काही खायची गरज नसते. पाणी आधी प्या आणि नंतर प्या. फेब्रुवारी सरला की आपल्याकडे सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर येतं, मग पोरांच्या रेसेस बंद करा किंवा सातला सुरू करून आठला संपवा.

प्रश्न: आम्हाला रेसमध्ये "आई किंवा बाबा आणि मूल" अशी जोडीची कॅटेगरी ठेवायची आहे. दोघांच्या वेळा मिळवल्या तर ज्याचा बाप जोरात तोच जिंकतो. पॉइंट कसे द्यावे? (धुळ्याचा एक ग्रुप)

वेळ मिळवूच नका, मुळात वेळ ठरलेली आणि लॅप कमीजास्त, हिशेबच चुकतो. दोन पद्धती चालतील. पहिली, दोघांचे आपापल्या गटातले नंबर मिळवायचे. पोरगं मुलांच्या गटात तिसरं, आई मोठ्यांत सातवी, बेरीज दहा, ज्याची बेरीज कमी तो पुढे. टाय झाला तर मुलाचा नंबर बघा, आईबापाचा नाही. यात पोराच्या तिसऱ्या नंबरला आईच्या तिसऱ्या नंबराइतकीच किंमत येते, जोरदार बापाचा फायदा निघून जातो. गटात माणसं फार कमीजास्त नकोत तेवढं बघा, मोठे तीस आणि मुलं सहा असतील तर बेरजेला अर्थ राहत नाही.

दुसरी, रिले. एक लॅप मुलाचा, एक मोठ्याचा, पुन्हा मुलाचा, असं अर्धा तास. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्येही आता देशांची टीम रिले असते, बाई-पुरुष, लहानमोठे एकाच टीममध्ये, प्रत्येकाचा एकेक लॅप. मला विचाराल तर रिलेच घ्या. बघणाऱ्याला कळते, दर लॅपला पुढचा-मागचा बदलतो आणि विशेष म्हणजे एक जण ट्रॅकवर असताना दुसरा टेपजवळ उभा राहून श्वास घेत घेत त्याला बघतो, पाचोऱ्याच्या भाऊंसारखं मागून ओरडायची सोयच राहत नाही. बदली करायची जागा लाइनच्या पुढे, सपाट आणि रुंद ठेवा, दहापंधरा मीटरचा बॉक्स चुन्यानं आखा, हाताला हात लागल्याशिवाय पुढच्यानं निघायचं नाही, आणि आत येणाऱ्यानं बॉक्सच्या आधी ब्रेक मारायचा, कारण आपलीच आई आपल्याच पोराच्या चाकाखाली येते ती इथं.

बक्षीस म्हणून कप नका देऊ, दोन ट्यूब आणि सीलंटची बाटली द्या, लोक खुश होतात. आणि रेस संपली की प्लास्टिकची टेप त्याच दिवशी सगळी गुंडाळा, शेळ्या खातात.